नव्वद वर्षांची तटबंदी

बिहारच्या पश्चिम अंगास कर्मनाशा नावाची एक नदी आहे. कैमूरच्या डोंगरात उगम पावून ती चौसा गावाजवळ गंगेस मिळते, आणि तिच्या पाण्याचा स्पर्श झाला असता जन्मभर जोडलेले पुण्य लयास जाते अशी श्रद्धा उत्तर हिंदुस्थानात पूर्वापार चालत आलेली असल्यामुळे, काशीहून गयेस निघालेला भाविक तिच्या काठाशी येऊन थबकत असे. या यात्रेकरूंच्या सोयीसाठी नाना फडणिसांनी तिच्यावर पूल घालण्याचे काम सुरू करविले होते. ते त्यांच्या हातून तडीस गेले नाही, आणि पुढे १८३० च्या सुमारास काशीचे राजा पटनीमल यांनी ते पुरे केले. पण लोकश्रद्धेने जिला वर्ज्य मानले त्याच नदीस अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजकारणाने एक निराळे महत्त्व आणून दिले. १७६५ पासून १७७५ पर्यंत ती इंग्रज कंपनीच्या बंगाल-बिहारची पश्चिम सरहद्द होती. अलीकडे कंपनीच्या दिवाणीचा मुलूख, पलीकडे अयोध्येच्या नवाब-वजिराचा सुभा, आणि त्या सुभ्याच्याही पलीकडे, यमुनेच्या दक्षिणतीरावर, मराठ्यांचे घोडदळ अशी त्या काळच्या उत्तर हिंदुस्थानची मांडणी होती. बक्सरच्या लढाईनंतर दिल्लीपर्यंतचा मार्ग कंपनीस मोकळा झालेला असताना ती या नदीपाशी बुद्धिपुरस्सर थांबली आणि जिंकलेले राज्य तिने पराभूत शत्रूच्या हाती परत दिले. या एका निर्णयातून जे राजकारण निघाले ते पुढे नव्वद वर्षे चालले, आणि त्याचा शेवट मराठ्यांच्या सत्तेच्या शेवटाशी इतका निगडित आहे की, एकाची हकीकत दुसऱ्याविना पुरी होत नाही.

दोन प्रबळ सत्तांच्या सीमा परस्परांस भिडल्या म्हणजे सरहद्दीवरील एखाद्या ठाणेदाराच्या उतावळेपणाने, जकातीच्या अथवा पळून आलेल्या गुन्हेगाराच्या क्षुल्लक तंट्यानेही, दोघींनाही नको असलेले युद्ध पेटण्याचा संभव असतो. म्हणून दोघींच्या मध्ये एखादे तिसरे, दुर्बळ परंतु जिवंत राज्य असावे, शत्रूचा पहिला आघात त्याने सोसावा, तो सोसला जात असताना मागच्याला सावध होण्यास अवधी मिळावा, आणि एवढे करून त्या राज्याचा मुलकी कारभार व लष्करी खर्च त्याचा त्यानेच भागवावा, अशी इच्छा धूर्त राज्यकर्त्यांस सर्व काळी होत आलेली आहे. अशा राज्यास किंवा पट्ट्यास आज आपण बफर म्हणतो. त्याच्या उपयुक्ततेचे वर्णन मुत्सद्द्यांच्या लेखनात पुष्कळ सापडते. त्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसांना ही उपयुक्तता काय किमतीस पडली, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. अयोध्येच्या बाबतीत तो रुपयांत मांडता येतो, कारण एकामागून एक झालेल्या तहनाम्यांत तो कलमवार लिहून ठेवलेला आहे.

२२ ऑक्टोबर १७६४ रोजी बक्सर येथे मेजर हेक्टर मन्रो याने बादशहा शाह आलम, अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला आणि बंगालचा पदच्युत नवाब मीर कासिम या तिघांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. शुजाउद्दौला हे नाव मराठी वाचकास पानिपताच्या संदर्भात परिचित आहे. सदाशिवरावभाऊंनी त्यास आपल्या बाजूस वळविण्याची पराकाष्ठा केली असता नजीबखानाच्या भिडेस पडून तो अब्दालीकडे गेला, आणि युद्धानंतर विश्वासरावांच्या देहास यथाविधी अग्निसंस्कार व्हावा म्हणून त्यानेच खटपट केली. त्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने लिहिलेली पानिपताची हकीकत आपल्याकडे बखर म्हणून प्रसिद्ध आहे. हा नवाब बक्सरनंतर राज्यास मुकून रोहिले, बंगश अशा सर्वांच्या दारी मदतीसाठी फिरला. ज्या मराठ्यांच्या विरुद्ध तो चार वर्षांपूर्वी उभा राहिला होता त्यांच्यातील मल्हारराव होळकर तेवढे त्याच्या साह्यास धावले. ३ मे १७६५ रोजी कोरा येथे जनरल कार्नॅकच्या तोफांपुढे मल्हाररावांच्या घोडदळाचा निभाव लागला नाही आणि ते यमुना उतरून काल्पीकडे माघारी गेले. ही चकमक आमच्या इतिहासात एखाद-दुसऱ्या ओळीत आटोपली जाते. इंग्रजांच्या दृष्टीने ती फार मोठी घटना होती; कारण अयोध्या मोकळी सोडली तर तिच्यात कोण उतरेल, याचे उत्तर त्यांना त्या दिवशी प्रत्यक्ष डोळ्यांसमोर दिसले. सर्व उपाय खुंटल्यावर शुजाने स्वतः होऊन कार्नॅकच्या छावणीत येऊन शरणागती पत्करली.

त्याच महिन्यात क्लाइव्ह दुसऱ्यांदा गव्हर्नर म्हणून कलकत्त्यास उतरला. त्याच्या आगमनापूर्वी तेथील कौन्सिलने शुजाचा सारा सुभा शाह आलम बादशहास देऊन टाकण्याचे ठरविले होते. क्लाइव्हने तो बेत मोडून काढला. बादशहा नावाचा धनी. त्याच्या हाती हा विस्तीर्ण मुलूख दिला तर तो राखण्यासाठी कंपनीचीच पलटणे तेथे कायमची अडकून पडतील, हा त्याचा पहिला विचार. कंपनीने तो आपल्याकडे ठेवला तर तिची सरहद्द थेट मराठ्यांना, रोहिल्यांना आणि प्रसंगी अब्दालीला जाऊन भिडेल, आणि व्यापारासाठी स्थापन झालेल्या मंडळास न पेलणारा लष्करी बोजा डोक्यावर येईल, हा दुसरा. म्हणून ज्याचे राज्य त्यालाच परत द्यावे, या उपकाराने त्यास बांधून घ्यावे, आणि बंगालच्या दाराशी त्याला पहारेकरी म्हणून उभे करावे, असे त्याने ठरविले. १६ ऑगस्ट १७६५ रोजी अलाहाबाद येथे तह झाला. शुजाने युद्धखर्चापोटी ५० लक्ष रुपये द्यावे, कोरा व अलाहाबाद हे जिल्हे बादशहाच्या निर्वाहासाठी सोडावे, उभयतांपैकी कोणावर परचक्र आल्यास दुसऱ्याने साह्य करावे, आणि कंपनीची फौज शुजाच्या कामी आली तर तिचा खर्च शुजाने सोसावा, अशी त्यातील मुख्य कलमे होती. चारच दिवस आधी, १२ ऑगस्ट रोजी, बादशहाने बंगाल, बिहार व ओरिसा यांच्या दिवाणीची सनद कंपनीस करून दिली होती व त्याबद्दल त्यास सालिना २६ लक्ष रुपये मिळावयाचे होते. या दोन कागदांचे अंतरंग एकच आहे. दिवाणीने कंपनीस घर मिळाले. शुजाबरोबरच्या तहाने त्या घराभोवती कुंपण आले, आणि कुंपणाचा खर्च शेजाऱ्याच्या खात्यावर चढला.

या प्रकारच्या मधल्या राज्यास एक विलक्षण अडचण सोसावी लागते. ते फार दुबळे झाले तर शत्रू त्याच्यातून आरपार चालून येईल, म्हणून त्यास काही बळ असावेच लागते; पण ते खरोखर बलिष्ठ होऊ लागले की ज्याच्या रक्षणासाठी ते उभे केले त्यालाच त्याची धास्ती वाटू लागते. शुजा कर्तबगार पुरुष होता. गमावलेली इभ्रत भरून काढण्यासाठी त्याने जांतील नावाच्या फ्रेंच सरदारास जवळ ठेवून कवायती पलटणे तयार केली, तोफा ओतविल्या, बंदुका घडविल्या. लगेच कलकत्त्यात कुजबुज सुरू झाली, आणि नोव्हेंबर १७६८ मध्ये त्याच्याकडून नवा करार लिहवून घेण्यात आला, की सर्व प्रकारचे मिळून ३५ हजारांहून अधिक सैन्य तो बाळगणार नाही. तहात मित्र म्हणविणाऱ्या राजाने किती शिपाई ठेवावे, हे परक्या शहरातील व्यापाऱ्यांच्या मंडळाने ठरवावे, हा प्रसंग हिंदुस्थानच्या राजकारणात तेव्हा नवा होता. जांतीलला काढून टाकण्याचा कंपनीचा आग्रह मात्र शुजाने अखेरपर्यंत मानला नाही.

आता मराठ्यांकडे वळू. अयोध्येच्या सुभ्याकडे पाहण्याची मराठ्यांची दृष्टी प्रारंभापासून निराळी होती. शुजाचा बाप सफदरजंग याने १७५१ मध्ये रोहिले-बंगशांविरुद्ध शिंदे-होळकरांना साह्यास बोलाविले, फर्रुखाबादेकडे त्यांनी बंगशाचा मोड केला, आणि त्यातून अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबात, मराठ्यांचा पाय शिरला. पुढे नानासाहेब पेशव्यांच्या मनात काशी आणि प्रयाग ही क्षेत्रे यवनांच्या अंमलातून सोडवावी ही आकांक्षा बळावली, आणि शुजाकडून ती कोणत्याही मोबदल्यात मिळवावी अशी सूचना त्यांनी दत्ताजी शिंद्यांस वारंवार केली. ही आकांक्षा खोटी नव्हती. ज्या समाजाने आपल्या वाडवडिलांच्या अस्थी पिढ्यानपिढ्या त्या तीर्थांवर पोहोचविल्या त्याच्या राजकर्त्यांस ती वाटावी हे स्वाभाविक होते. परंतु तिचा परिणाम असा झाला की, शुजाशी बोलणे निघाले म्हणजे मराठ्यांच्या बाजूने नेहमी काहीतरी मागणेच असे: कधी क्षेत्रे, कधी खंडणी, कधी थकलेल्या रकमेची बाकी. त्याच्या राज्यास आपल्या आणि इंग्रजांच्या दरम्यान उभी असलेली भिंत म्हणून आपल्या बाजूने डागडुजी करून ठेवावी, हा विचार पुण्यात कोणी मुद्द्याचा म्हणून धरलेला दिसत नाही. १७६५ नंतरची पहिली चार वर्षे माधवराव पेशवे हैदर, निजाम आणि घरचे चुलते यांच्याशी झगडण्यात गुंतले. रघुनाथरावांची उत्तरेतील स्वारी गोहदपाशी फुकट गेली. मल्हारराव १७६६ च्या मे महिन्यात आलमपूर येथे वारले. नवाब इंग्रजांच्या आश्रयास सरावला तो याच अवकाशात.

१७६९ मध्ये रामचंद्र गणेश, विसाजी कृष्ण, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर यांची मोठी स्वारी उत्तरेत उतरली तेव्हा मात्र पारडे झपाट्याने फिरले. अलाहाबादेस इंग्रजांच्या छायेत सहा वर्षे काढून कंटाळलेला शाह आलम १७७१ मध्ये तेथून निघाला आणि जानेवारी १७७२ मध्ये मराठ्यांच्या संरक्षणाखाली दिल्लीच्या तख्तावर जाऊन बसला. त्याच वर्षी मराठ्यांनी रोहिलखंडात शिरून नजीबखानाचे पत्थरगड हे ठाणे घेतले आणि पानिपताचे उट्टे काढले. बादशहा आपल्या हाती आल्यावर कोरा व अलाहाबाद या जिल्ह्यांची सनदही त्यांनी त्याच्याकडून मिळविली. भिंतीची एक संपूर्ण बाजू अशा रीतीने उघडी पडली. पूर्वेस सरकण्याच्या बेतात असलेले मराठे, भयभीत रोहिले, आणि मध्ये सापडलेला शुजा असा तो प्रसंग होता. रोहिल्यांचा प्रमुख हाफिज रहमतखान याने जून १७७२ मध्ये शुजास लिहून दिले की, मराठ्यांना आमच्या मुलखातून घालवून दिल्यास ४० लक्ष रुपये देऊ. १७७३ च्या आरंभी मराठे पुन्हा गंगेच्या उतारांवर आले तेव्हा सर रॉबर्ट बार्कर याच्या हाताखालील इंग्रज ब्रिगेड आणि नवाबाचे सैन्य रामघाटाकडे पुढे सरकले. मोठी लढाई झालीच नाही. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव निवर्तले होते, पुण्याहून सरदारांना परतण्याची निकड लागली होती, आणि उन्हाळ्यात मराठी फौजा दक्षिणेच्या वाटेस लागल्या. ऑगस्टच्या ३० तारखेस शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. गंगेच्या काठी इंग्रजांना लढून मिळाले नसते ते पुण्यातील भाऊबंदकीने त्यांना न लढता दिले. हे लिहिताना आजही खेद वाटतो.

बंगालचा कारभार १७७२ पासून वॉरन हेस्टिंग्जकडे आला होता. क्लाइव्हने जी कल्पना ढोबळपणे मांडली तिला हेस्टिंग्जने शास्त्राचे स्वरूप दिले. सप्टेंबर १७७३ मध्ये काशी येथे तो शुजास भेटला. बादशहा मराठ्यांकडे गेला या सबबीवर त्याचे २६ लक्ष रुपये त्याने बंद केले, कोरा व अलाहाबाद हे बादशहाचे जिल्हे ५० लक्ष रुपयांस शुजाला विकले, आणि कंपनीची एक ब्रिगेड शुजाच्या कामी जाईल तेव्हा दरमहा २ लक्ष १० हजार रुपये त्याने द्यावे असे ठरविले. दुसऱ्याचा मुलूख तिसऱ्याला विकून पैसा घ्यावा आणि त्याच व्यवहाराने आपली सरहद्दही मजबूत करावी, असा हा सौदा होता. त्याच्या पोटात आणखी एक बेत होता. अयोध्येच्या वायव्येस असलेले रोहिलखंड शुजाच्या राज्यास जोडले तर त्याची सीमा पश्चिमेस गंगेवर आणि उत्तरेस हिमालयाच्या पायथ्यावर जाऊन टेकेल, मराठ्यांना पाऊल ठेवावयास फट उरणार नाही, असा हेस्टिंग्जचा हिशेब होता. हाफिज रहमतखानाने ४० लक्ष दिले नाहीत, आणि मराठे तर आपण होऊन गेले असे त्याचे म्हणणे पडले. शुजाने इंग्रजी ब्रिगेड ४० लक्षांच्या बोलीवर मागितली, आणि २३ एप्रिल १७७४ रोजी मीरनपूर कटऱ्याच्या रणांगणावर हा वृद्ध रोहिला सरदार तोफेच्या गोळ्याने पडला. रामपूरचा एक तुकडा फैजुल्लाखानाकडे राहिला, बाकी सारा प्रांत शुजास मिळाला. ज्या लोकांनी इंग्रजांचे काहीही बिघडविले नव्हते त्यांचे राज्य एका नकाशावरील रेषा सरळ व्हावी म्हणून बुडविले गेले. इंग्लंडात या युद्धावरून पुढे गहजब झाला, हेस्टिंग्जवर आरोपपत्र आले. पण पार्लमेंटच्या खालच्या सभेने १७८६ मध्ये नेमका रोहिला युद्धाचाच आरोप नामंजूर केला.

दक्षिणेत मराठे गुंतलेले पाहून शुजाने इटाव्याकडील त्यांची ठाणीही उठविली. त्याचे राज्य या क्षणी पूर्वी कधी नव्हते एवढे विस्तृत झाले होते. जानेवारी १७७५ मध्ये तो फैजाबादेस मरण पावला आणि त्याबरोबरच या राज्याची खरी किंमत किती, ते उघड झाले. कलकत्त्याच्या नव्या कौन्सिलातील बहुमताने असे मत दिले की शुजाशी झालेले करारमदार त्याच्या देहाबरोबर संपले, तेव्हा त्याचा पुत्र असफउद्दौला याने सर्व काही नव्याने विकत घ्यावे. मे १७७५ च्या तहाने ब्रिगेडचा खर्च दरमहा २ लक्ष ६० हजारांवर गेला आणि राजा चेतसिंगाचा काशीचा मुलूख कंपनीकडे आला. जी काशी मिळावी म्हणून नानासाहेब पेशवे दीड तप झुरले ती अशा रीतीने इंग्रजांच्या पदरात पडली; अहिल्याबाई होळकरांनी पुढे विश्वेश्वराचे मंदिर उभारले ते कंपनीच्या अधिराज्यात.

यानंतरची पंचवीस वर्षे म्हणजे एका राज्याचे रक्त हळूहळू शोषिले जाण्याची हकीकत आहे. पूर्वी फौज कामी आली तर खर्च द्यावयाचा होता. आता ती कामास येवो न येवो, कायमची बसली. कानपूर आणि फत्तेगड येथील छावण्या नवाबाच्या जमिनीवर, नवाबाच्या पैशाने, पण नवाबाच्या हुकुमाबाहेर होत्या. एक ब्रिगेड पुरेना म्हणून दुसरी ‘तात्पुरती’ ब्रिगेड आली आणि तीही उठेना. हे देणे भागविण्यासाठी असफउद्दौलाने परगणेच्या परगणे इजाऱ्याने दिले. अंतर्वेदीतील महाल अल्मास अलीखानासारख्या एकेका इजारदाराच्या मुठीत गेले, आणि लखनौच्या खजिन्यात जे कमी पडे ते रयतेच्या घरातून काढले जाई. पहिल्या मराठा युद्धाने कंपनीचा खजिना रिता होऊ लागला तेव्हा हेस्टिंग्जने काशीच्या चेतसिंगाकडे १७७८ पासून ठरल्या रकमेवर सालिना पाच लक्षांची जादा मागणी लावली. १७८१ मध्ये तो स्वतः काशीस जाऊन राजास कैद करू लागताच शहर खवळले. चेतसिंग निसटला, ग्वाल्हेरीस महादजी शिंद्यांच्या आश्रयास गेला आणि तेथेच त्याचे पुढील आयुष्य सरले. त्याच वर्षअखेरीस फैजाबादेच्या बेगमांवर, म्हणजे असफउद्दौलाच्या आईवर व आजीवर, पैशासाठी सक्ती झाली. त्यांच्या वृद्ध कारभाऱ्यांना बेड्या घालून उपाशी ठेवण्यात आले. मुलाने आईची ठेव लुटून ती परक्याच्या फौजेच्या पगारात घालावी, इतक्या थरास ही मैत्री येऊन पोहोचली होती. या वर्षांत वडगाव, पुरंदर, सालबाई अशी नावे घेऊन आम्ही मराठे-इंग्रजांच्या झुंजीचा इतिहास सांगतो. त्या झुंजीच्या खर्चाचा एक भाग गंगेकाठच्या अयोध्येच्या रयतेने भरला, हेही त्या इतिहासात यावयास हवे.

भिंत म्हणून बांधलेल्या या मुलखाचा दुसरा उपयोगही तेव्हाच दिसू लागला होता. १७७८ मध्ये लेस्ली व गॉडार्ड यांची बंगाली फौज मुंबईच्या साह्यास निघाली ती काल्पीपाशी यमुना उतरून बुंदेलखंडातून आली. मध्यहिंदुस्थान तिरपा कापून एक फौज गंगेच्या खोऱ्यातून सुरतेपर्यंत चालत जाऊ शकते, हे त्या कूचाने सिद्ध केले. जे राज्य शत्रूस आत येऊ न देण्यासाठी राखले होते तेच शत्रूवर उतरण्याचे सोयीचे ठिकाण ठरले. महादजींसारख्या दूरदर्शी पुरुषाने सालबाईनंतर दिल्लीचे वकील-ई-मुत्लकपद मिळविले, डी बॉयनच्या हाताखाली कवायती कंपू उभारले, अंतर्वेदीत पक्के ठाणे दिले. त्यांच्या हयातीत कंपनीस अयोध्येपुढे पाऊल टाकण्याचे धैर्य झाले नाही, आणि म्हणूनच लखनौचे राज्यही, कितीही पोखरलेले असले तरी, कंपनीस हवे होते. कॉर्नवॉलिसने १७८७ मध्ये वार्षिक ५० लक्ष रुपये ठरवून याहून अधिक मागणार नाही असे आश्वासन दिले, आणि काही वर्षे ते पाळलेही गेले. त्याचे हे करणे मला या साऱ्या प्रकरणातील एकमेव सभ्य वर्तन वाटते.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस महादजी वारले. १७९७ मध्ये असफउद्दौला गेला. वारसाचा तंटा कंपनीने आपल्या हाती घेऊन वजीरअलीस गादीवरून काढले, सादतअलीखानास बसविले, आणि फेब्रुवारी १७९८ च्या तहाने वार्षिक रक्कम ७६ लक्षांवर नेऊन अलाहाबादचा किल्लाही घेतला. लगेच वेलस्ली गव्हर्नर-जनरल होऊन आला. काबूलचा जमानशाह लाहोरापर्यंत येऊन गेला होता, तेवढे भय त्यास पुरे झाले. नवाबाचे स्वतःचे सैन्य बेशिस्त आहे, तेव्हा ते मोडावे. त्याच्या जागी कंपनीचे सैन्य वाढवावे. वाढलेला खर्च रोकडीने नियमित येण्याचा भरवसा नाही, तेव्हा तेवढ्या उत्पन्नाचा मुलूखच तोडून द्यावा, अशी त्याची तर्कपरंपरा होती. सादतअली हा हिशेबी, काटकसरी आणि हप्ते वेळेवर भरणारा माणूस होता. त्याने विनवण्या केल्या, गादी सोडण्याची भाषा केली, पण १० नोव्हेंबर १८०१ रोजी त्यास सही करावी लागली. रोहिलखंड, अंतर्वेदीचा खालचा भाग आणि गोरखपूर मिळून १ कोटी ३५ लक्षांवर उत्पन्नाचा, म्हणजे जवळजवळ निम्मा, मुलूख कंपनीस गेला. ज्या रोहिलखंडासाठी हाफिज रहमतखानाचा बळी दिला ते सत्तावीस वर्षांत कंपनीच्या जमाखर्चात आले. अयोध्येच्या उरलेल्या राज्यास नेपाळची बाजू सोडून सर्व दिशांनी कंपनीच्या जिल्ह्यांनी वेढले. आता ते कोणाच्याही मध्ये उरले नाही.

मराठ्यांनी हा तह वाचला असेल तर त्यांच्या तो ध्यानात आला नाही, असेच म्हणावे लागते. १८०० मध्ये निजाम, १८०१ मध्ये अयोध्येचा नवाब आणि १८०२ च्या अखेरच्या दिवशी वसई येथे खुद्द दुसरे बाजीराव पेशवे यांच्याकडून फौजेच्या खर्चापोटी मुलूख लिहवून घेण्यात आला. पेशव्यांच्या वाट्यास सहा हजार पायदळ आणि २६ लक्षांचा मुलूख आला. लखनौच्या दरबारात पंचवीस वर्षे पारखून घेतलेली युक्तीच पुण्यास लागू करण्यात आली होती. १८०३ च्या ऑगस्टात जनरल लेक कानपुराहून निघाला. सप्टेंबरच्या ४ तारखेस अलीगड पडले, ११ तारखेस दिल्लीजवळ लढाई झाली, आणि १ नोव्हेंबर रोजी लासवारीस शिंद्यांच्या कवायती कंपूंचा निकाल लागला. ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने अंतर्वेद, दिल्ली व आग्रा शिंद्यांच्या हातून गेली. लेकच्या पाठीशी जो सुपीक, सुरक्षित, धान्याने व बैलांनी समृद्ध प्रदेश होता तो दोन वर्षांपूर्वीपर्यंत नवाबाचा होता. हा पाठिंबा नसता तर तीन महिन्यांत ही मजल त्यास मारता आली असती काय, याविषयी मला बलवत्तर शंका आहे.

यानंतर इंग्रजांनी भिंती पुढे पुढे नेल्या: १८०९ च्या अमृतसर येथील तहाने सतलजेच्या अलीकडील शीख संस्थाने, नंतर सिंध, नंतर अफगाणिस्तान, आणि शतकाच्या अखेरीस रशियाशी सीमा भिडू नये म्हणून अफगाण अमिराच्या गळ्यात घातलेली वाखानची अरुंद चिंचोळी पट्टी. त्या प्रत्येकीची कथा निराळी आहे. अयोध्येचे काय झाले एवढे सांगून हे कथन पुरे करतो. लखनौचे दरबार आता सावकार म्हणून उपयोगी पडू लागले. गाजीउद्दीन हैदराने नेपाळच्या युद्धासाठी कंपनीस दोन कोटी रुपये कर्जाऊ दिले. त्यांतील एक कोटीच्या फेडीदाखल त्यास नेपाळकडून जिंकलेला तराईचा पट्टा मिळाला, आणि १८१९ मध्ये ‘बादशहा’ ही पदवी लावण्यास संमती मिळाली. १८०१ च्या तहात एक कलम असे होते की, नवाबाने आपल्या प्रजेच्या भरभराटीस अनुकूल असा कारभार कंपनीच्या सल्ल्याने चालवावा. निम्मे राज्य गेलेले, सैन्य मोडलेले, आणि प्रत्येक कामात रेसिडेंटचा हात असलेला राजा तो कसा चालविणार होता? परंतु त्याच कलमाचा भंग झाला असे ठरवून डलहौसीने ७ फेब्रुवारी १८५६ रोजी राज्य खालसा केले आणि वाजिदअली शाहाची रवानगी कलकत्त्याजवळील मटियाबुर्जास झाली. बंगाल सैन्यातील शिपाई मोठ्या संख्येने याच प्रांतातील शेतकऱ्यांची मुले होती. पुढच्याच वर्षी ती उठली. कानपुराजवळ ब्रह्मावर्तास, १८०१ मध्ये अयोध्येपासून तोडलेल्या त्याच मुलखात, पदच्युत पेशव्यांचे घराणे येऊन राहिलेले होते. त्या घराण्यातील नानासाहेब आणि लखनौची बेगम हजरतमहल, म्हणजे शंभर वर्षे ज्यांना एकमेकांपासून भिंत घालून दूर ठेवले होते त्या दोन दरबारांचे वारस, १८५७ मध्ये एका बाजूने लढले आणि पराभवानंतर दोघांनीही नेपाळची वाट धरली.

माझे मत असे आहे की, मराठ्यांनी उत्तर हिंदुस्थान १८०३ मध्ये लासवारीस गमावले, हा निर्णय अपुरा आहे. कोऱ्याच्या लढाईपासून रामघाटच्या माघारीपर्यंतच्या, १७६५ ते १७७३ या आठ वर्षांत तो प्रश्न बहुतांशी निकालात निघाला होता. शुजाउद्दौला त्या काळात पूर्णपणे इंग्रजांचा झालेला नव्हता. तो त्यांच्यावर रुष्ट होता, सैन्य वाढवीत होता, आणि मल्हाररावांचे साह्य विसरलेला नव्हता. त्याच्याकडे क्षेत्रे व खंडणी न मागता त्याच्या राज्याची हमी घेणारा एखादा मुत्सद्दी पुण्याहून गेला असता तर इंग्रजांचे कुंपण आपल्या बाजूचे कुंपण झाले असते, हा संभव मला काल्पनिक वाटत नाही. पेशवे दप्तरातून निवडून रियासतकारांनी जे पंचेचाळीस खंड छापून ठेवले आहेत त्यांत उत्तरेकडील वकिलांची व सरदारांची पत्रे पुष्कळ आहेत. इतिहासाची आवड असलेल्या तरुण अभ्यासकांनी ती पुणे किंवा दिल्ली यांच्या दृष्टीने नव्हे, तर एकदा लखनौचा नकाशा पुढे ठेवून वाचावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.